सागवानी टेबलाला चीर का गेली, आणि आता तिचे काय करावे

आपल्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे हे इतर वाचकांनाही कळेल. आपण पुण्यात राहता आणि शनिवार-रविवारी सोसायटीच्या पार्किंगमधल्या कोपऱ्यात सुतारकाम करता. मागच्या ऑगस्टमध्ये वखारीतून देशी सागाच्या सहा इंची पाच फळ्या आणल्या, त्या फेविकॉलने कडेला कड जोडून अडीच फूट रुंद आणि साडेचार फूट लांब असा जेवणाच्या टेबलाचा माथा केला आणि तो लोखंडी चौकोनी नळीच्या सांगाड्यावर नऊ स्क्रूंनी घट्ट आवळला. दिवाळीपर्यंत टेबल उत्तम होते. आता एप्रिलमध्ये एका टोकाकडून हातभर लांबीची चीर गेली आहे आणि माथ्याचा मध्यभाग किंचित उचलल्यासारखा दिसतो. ओळखीचे सुतार म्हणतात की लाकूड कच्चे होते. वखारवाले म्हणतात की लाकूड पक्के होते, आपले काम चुकले. यात खरे कोणाचे, दुरुस्ती कशी करावी आणि यापुढे सरळ प्लायवूडच वापरावे काय, असे आपले तीन प्रश्न आहेत.

दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. पण मूळ कारण त्या नऊ स्क्रूंमध्ये आहे, आणि लाकूड कितीही पक्के असते तरी हे टेबल या उन्हाळ्यात नाही तर पुढच्या उन्हाळ्यात चिरलेच असते.

कापलेले लाकूड आयुष्यभर हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहते. ताज्या लाकडातले मोकळे पाणी आधी निघून जाते आणि तोवर त्याचा आकार बदलत नाही. ओलावा लाकडाच्या कोरड्या वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्क्यांच्या खाली उतरला की तंतूंच्या भिंतींमधले पाणी कमी होऊ लागते आणि तेथून आकुंचन सुरू होते. हे आकुंचन सर्व दिशांना सारखे नसते. लांबीच्या दिशेने ते इतके थोडे असते की टेबल-खुर्चीच्या कामात ते हिशेबात धरण्याची गरज नाही. रुंदीत मात्र ते भरपूर असते, आणि फळी ओंडक्यातून कशी चिरली आहे यावर ते अवलंबून असते. फळीच्या टोकाकडून पाहिले असता वार्षिक वलये फळीच्या रुंद अंगाला उभी छेदत असतील तर ती फळी कमी हलते. वलये रुंद अंगाला समांतर, कमानीसारखी दिसत असतील तर ती जवळजवळ दुप्पट हलते. वखारीत मिळणाऱ्या बहुतेक फळ्या दुसऱ्या प्रकारच्या असतात, कारण ओंडका सरळ चिरत गेल्यास माल जास्त निघतो.

आता आपल्या टेबलाचा हिशेब करू. पुण्यात पावसाळ्यात घराच्या आत राहिलेले लाकूड साधारण १४ ते १६ टक्के ओलाव्यावर स्थिरावते. मार्च-एप्रिलमध्ये दुपारची हवा इतकी कोरडी होते की तेच लाकूड हळूहळू ७-८ टक्क्यांपर्यंत उतरते. सागाच्या बाबतीत, कमानी वलयांच्या फळीत ओलाव्याच्या प्रत्येक एका टक्क्यामागे रुंदी सुमारे ०.१९ टक्के बदलते आणि उभ्या वलयांच्या फळीत सुमारे ०.१० टक्के. आपला माथा ७५० मिलिमीटर रुंद आहे. ओलावा फक्त ६ टक्क्यांनी उतरला असे धरले तरी तो साडेचार ते साडेआठ मिलिमीटर, म्हणजे सुताराच्या भाषेत दीड ते पावणेतीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आकसणार. लोखंडी सांगाडा हवेतल्या ओलाव्याने तसूभरही हलत नाही. त्यामुळे दोन्ही कडांचे स्क्रू जागच्या जागी उभे राहिले, मधले लाकूड आकसू पाहत होते आणि तंतूंच्या आडव्या दिशेला ताण साचत गेला. त्या दिशेला लाकूड फार दुबळे असते. सरपण फोडताना आपण त्याच दुबळेपणाचा फायदा घेतो. चीर टोकाकडून सुरू झाली याचेही कारण आहे. फळीच्या उघड्या टोकातून ओलावा बाजूंच्या मानाने दहा-पंधरा पट वेगाने बाहेर पडतो, म्हणून टोक आधी आकसते आणि आधी फाटते.

आपण पाठवलेल्या छायाचित्रात चीर सांध्यातून न जाता सांध्यापासून अर्धा इंच बाजूने गेली आहे. याचा अर्थ आपले चिकटकाम चांगले झाले आहे. सांधा लाकडापेक्षा मजबूत ठरला. सागात नैसर्गिक तेल असल्यामुळे हे सहज साधत नाही. रंधा मारल्यावर त्याच दिवशी, कडा थिनरने पुसून, लगेच चिकटवल्या तरच असा सांधा मिळतो. तेवढे श्रेय आपण घ्यायला हरकत नाही.

मध्यभाग उचलला जाण्याचे कारण वेगळे आहे. आपण वरच्या बाजूला पॉलिशचे तीन हात दिले आणि खालची बाजू कोरी ठेवली. पॉलिश ओलाव्याला अडवत नाही, त्याची गती कमी करते. उन्हाळा आल्यावर कोऱ्या खालच्या बाजूने ओलावा भराभर सोडला, वरच्या बाजूने सावकाश. खालची बाजू आधी आकसली आणि माथा वर फुगला. पोलादी पट्टी रुंदीत आडवी धरल्यास दोन्ही कडांकडे फट दिसेल, ती याचीच. जे दिसत नाही त्याला कशाला पॉलिश, हा हिशेब बाजारी फर्निचरमध्येही सर्रास चालतो आणि तेथेही त्याचे फळ असेच मिळते.

लाकूड कच्चे होते काय, याकडे आता येऊ. ऑगस्टमध्ये वखारीच्या उघड्या शेडमधून आणलेले लाकूड १६ ते १८ टक्क्यांवर असणे अगदी स्वाभाविक आहे, मग ते दोन वर्षे तेथे पडलेले का असेना. त्या अर्थाने सुताराचे म्हणणे बरोबर आहे. पण भट्टीत १० टक्क्यांपर्यंत सुकवलेले लाकूडही आपल्या पार्किंगमध्ये ऑगस्टचा महिनाभर पडले तर ते पुन्हा ओलावा घेणारच. पक्के लाकूड म्हणजे न हलणारे लाकूड, हा समज वखारीपासून इंटिरियरवाल्यांपर्यंत सर्वत्र पसरलेला आहे. जुन्या वाड्याच्या पाडकामातून मिळालेल्या तुळया आणि दारे घेऊन काम करणाऱ्या हौशी मंडळींमध्ये तर तो फारच घट्ट आहे. शंभर वर्षे जुने लाकूड आतील ताण निघून गेल्यामुळे वळायला थोडे नाखूष असते, एवढेच. फुगणे आणि आकसणे त्याचेही चालूच राहते, आणि त्या वाड्याचे दार दर पावसाळ्यात चौकटीत घासत होते हे तेथे राहिलेल्या कोणालाही आठवेल.

ओलावा मोजण्यासाठी दोन पिनांचे मीटर मिळते आणि ते सोयीचे आहे. पण घरी एक खात्रीचा उपाय आहे आणि तो मी प्रत्येक नव्या मालाला लावतो. फळीच्या टोकापासून फूटभर आत जाऊन, पूर्ण रुंदीची, इंचभर जाडीची एक चकती कापायची. अगदी टोकाची चकती घेऊ नये, कारण टोक नेहमी अधिक कोरडे असते. कापल्याबरोबर ती स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलून वजन तिच्यावरच पेन्सिलीने लिहायचे. मग ओव्हन १०० ते १०५ अंशांवर ठेवून ती आत ठेवायची आणि तास-दोन तासांनी तोलत राहायचे. वजन उतरायचे थांबले की चकती कोरडी झाली. समजा सुरुवातीचे वजन १७२ ग्रॅम होते आणि शेवटी ते १५० ग्रॅमवर थांबले, तर गेलेले पाणी २२ ग्रॅम. त्याला कोरड्या वजनाने, म्हणजे १५० ने भागले की ओलावा साडेचौदा टक्क्यांच्या थोडा वर येतो. घरात सागाचा उग्र वास दिवसभर राहतो, तेव्हा घरच्यांची परवानगी आधी घ्यावी. ओव्हन नसेल तर त्याहून सोपा मार्ग असा की एक फळी सामान तोलायच्या हुकाच्या काट्यावर दर रविवारी तोलावी आणि तारखेसह वजन तिच्यावरच लिहीत जावे. लागोपाठ तीन-चार रविवार वजन सारखे आले की फळी आपल्या खोलीच्या हवेशी जुळली.

येथेच शनिवार-रविवारच्या सुताराला धंदेवाईक सुतारापेक्षा मोठी सवलत आहे. त्याच्यामागे गिऱ्हाईक उभे असते. आपल्यामागे कोणी नसते. फळ्या आणल्या की त्या ज्या घरात वापरायच्या त्याच घरात, सारख्या जाडीच्या आडव्या पट्ट्यांवर, दीड-दोन फुटांच्या अंतराने आधार देत थर लावून ठेवाव्यात. पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत याव्यात, नाहीतर फळ्या त्या आधारांमध्ये वाकतात. टोकांना ऑइल पेंट किंवा मेण लावावे. एका वर्षात एक इंच जाडी सुकते असे म्हणतात. तो आडाखा थंड मुलुखातला आहे. आपल्याकडे डिसेंबर ते मे या काळात इंचभर जाडीची आधीच अर्धवट सुकलेली फळी काही महिन्यांत जागेवर येते. रंध्याचे कामही एका दमात उरकू नये. वखारीतल्या मशीनवर दोन्ही अंगे घासून घेताना हव्या असलेल्या जाडीपेक्षा एक सूत जास्त ठेवावे, फळ्या पुन्हा पट्ट्यांवर रचाव्यात आणि पुढच्या आठवड्यात शेवटचा हात फिरवावा. शनिवारी संध्याकाळी नीट रंधलेली फळी फरशीवर सपाट ठेवून गेले की रविवारी सकाळी तिची पन्हळ झालेली असते, कारण वरच्या अंगाला हवा मिळते आणि खालच्या अंगाला मिळत नाही. ठेवायचीच झाली तर ती भिंतीला उभी टेकवावी किंवा पट्ट्यांवर आडवी ठेवावी.

आता दुरुस्ती. सर्वप्रथम नऊही स्क्रू काढून माथा सुटा करावा आणि तो घरातच पट्ट्यांवर ठेवावा. चिरेत फेविकॉल आणि भुसा भरण्याचा मोह होईल, आणि कोणीतरी तो सल्लाही देईल. पण तूर्त तसे करू नये. माथा बांधलेल्या अवस्थेत भराव घातला तर जुलैमध्ये लाकूड फुगून चीर मिटू पाहील, भराव तिला मिटू देणार नाही, चिरेच्या कडांचे तंतू चेपले जातील आणि पुढच्या एप्रिलमध्ये चीर आजच्यापेक्षा रुंद उघडेल. माथा सुटा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत चीर बरीचशी मिटण्याची शक्यता आहे, कारण ओढून धरणारे काही उरलेले नसते. मिटली तर पातळ केलेला फेविकॉल चिरेत शिरवून, शिकंजा (क्लॅम्प) लावून, रात्रभर ठेवावे. काही फट उरली तर त्याच सागाची, तंतू त्याच दिशेला असलेली पातळ चीप पाचरीसारखी घासून चिरेत चिकटवावी आणि सुकल्यावर रंध्याने सपाट करावी. चीर पुढे सरकण्याची भीती वाटत असल्यास खालच्या बाजूने तिच्यावर आडवा, डमरूच्या आकाराचा लाकडी तुकडा खाच करून बसवता येतो. वरून बसवला तरी तो शोभून दिसतो, मात्र खाच पटाशीने काटेकोर यायला हवी. तुकडा ढिला बसला तर तो फक्त दागिना ठरतो.

माथा फुगला आहे तो दोन्ही बाजू सारख्या केल्याशिवाय बसणार नाही. खालच्या बाजूला वरच्याइतकेच हात द्यावेत, आणि टोकांना एक हात जास्त. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले जुने पॉलिश ओलाव्याची ये-जा रोखण्यात बऱ्याच नव्या तेलांपेक्षा सरस आहे. गरम भांड्याचा डाग आणि सांडलेले मद्य या दोन गोष्टी मात्र त्याला सोसत नाहीत. जेवणाच्या टेबलासाठी वर पॉलियुरेथेन आणि खाली लाख अशी विभागणी मी तरी करणार नाही, कारण दोन्हींचा वेग वेगळा असतो. जे वर, तेच खाली.

सर्वांत महत्त्वाचे काम सांगाड्यावर आहे. नळीतल्या नऊ भोकांपैकी माथ्याच्या मध्यरेषेवरची तीन आहेत तशी राहू द्यावीत. तेथे माथा पक्का धरला जाईल आणि दोन्ही कडांना समान हलेल. कडांकडची सहा भोके माथ्याच्या रुंदीच्या दिशेने लांबट करावीत. शेजारी शेजारी दोन भोके पाडून मधला भाग गोल कानसेने घासून काढला की १२ मिलिमीटरची खाच तयार होते. मध्यापासून ३५० मिलिमीटरवरचा स्क्रू वर्षभरात पाच-साडेपाच मिलिमीटर इकडून तिकडे जाईल, तेवढी जागा त्यात आहे. स्क्रूखाली रुंद वॉशर घालावा आणि स्क्रू टेकेपर्यंत आवळून पाव फेरा सैल सोडावा. आता एक बारकावा, जो सहसा कोणी सांगत नाही: खाचेत स्क्रू कोठे बसवायचा हे ऋतूवर ठरते. एप्रिलमध्ये माथा सर्वांत अरुंद असतो आणि पुढे तो फक्त रुंद होणार असतो, म्हणून स्क्रू खाचेच्या आतल्या टोकाकडे बसवावा. हेच काम ऑगस्टमध्ये केले असते तर तो बाहेरच्या टोकाकडे बसवावा लागला असता. खाच केली आणि स्क्रू चुकीच्या टोकाला आवळला, तर खाच असूनही माथा फाटतो.

लाकडी सांगाडा असता तर मी लाकडी गुटके सुचवले असते. आडव्या पट्टीच्या आतल्या अंगाला खाच घ्यायची, गुटक्याची जीभ त्या खाचेत सरकती ठेवायची आणि गुटका माथ्याला स्क्रूने धरायचा. माथा उचलला जात नाही आणि सरकायला मोकळा राहतो. आपल्याकडच्या चांगल्या जुन्या पाटांत हेच तत्त्व दिसते. पाट उलटा करून पाहावा: खालच्या दोन आडव्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतील तर फळीला बहुधा चीर असते, आणि त्या डव्हटेल खाचेत, म्हणजे तोंडाशी अरुंद आणि आत रुंद अशा खाचेत, नुसत्या सरकवलेल्या असतील तर फळी बहुधा अखंड असते. नवशिक्याने पहिले काम म्हणून असा एक पाट करावा असे मी नेहमी सांगतो. लाकूड थोडे लागते, एका रविवारी होतो, आणि वर्षभर तो कसा फुगतो व आकसतो हे पट्टीच्या टोकाशी पेन्सिलीची रेघ मारून डोळ्यांनी पाहता येते.

खण (ड्रॉवर) करणार असाल तर ऋतूचा हाच हिशेब तेथेही लागू आहे. सहा इंच उंचीच्या भरीव सागाच्या खणाच्या बाजू एप्रिलमध्ये केल्या तर वर दोन मिलिमीटर फट सोडावी. ती तेव्हा डोळ्यांना खटकते, पण जुलैमध्ये भरून येते. ऑगस्टमध्ये करत असाल तर अर्धा मिलिमीटर पुरतो. मुंबईत किंवा कोकणपट्टीत हवा बारमाही दमट असल्याने हा फरक बराच कमी पडतो, नागपूर-चंद्रपूरकडे तो पुण्याइतका किंवा अधिकच धरावा. म्हणूनच दादरच्या घरात वर्षानुवर्षे ठणठणीत राहिलेले कपाट नागपूरला नेल्यावर पहिल्या उन्हाळ्यात कडकडू लागते. परदेशी मुलाकडे देव्हारा पाठवणाऱ्यांनी तर हे अवश्य ध्यानात ठेवावे, कारण हिवाळ्यात कृत्रिम उबेने तापवलेल्या घरांतली हवा आपल्या एप्रिलइतकीच कोरडी असते.

प्लायवूडबद्दल. प्लायमध्ये एकाआड एक थरांचे तंतू काटकोनात असल्यामुळे ते रुंदीत जवळजवळ हलत नाही, आणि स्वयंपाकघरातली कपाटे, पुस्तकांच्या मोठ्या मांडण्या किंवा तीन फुटांपेक्षा रुंद माथे यांसाठी मी स्वतः तेच वापरतो. भारतीय मानकांपैकी आयएस ३०३ हा सामान्य वापराच्या आणि आयएस ७१० हा मरीन, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या, प्लायचा शिक्का आहे. ओट्याखालच्या कपाटाला दुसरा घ्यावा. त्यावर सागाचे विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, आणि कडेने भरीव सागाची पट्टी लावल्यास दिसायलाही चांगले दिसते. फक्त विनियर एकाच बाजूला लावू नये, दुसऱ्या बाजूलाही काहीतरी तेवढ्याच जाडीचे लावावे, नाहीतर प्लायही वाकते. परंतु अडीच फुटी सागाच्या माथ्यासाठी प्लायकडे वळण्याचे मला तरी कारण दिसत नाही. भरीव लाकडातच काम करायचे पण हालचाल आणि खर्च दोन्ही कमी हवे असतील, तर वखारीत शिवण मिळते का ते विचारावे. ती हलकी आहे, रंध्याला मऊ आहे आणि वळण्याच्या बाबतीत बरीच शहाणी आहे. आंबा स्वस्त मिळतो, पण त्याला कीड लवकर लागते आणि तो सुकताना बराच वाकतो. पहिल्या मोठ्या टेबलासाठी तो घेऊ नये.

कामाचा क्रम म्हणून सांगतो: स्क्रू या शनिवारीच काढावेत. चिरेचे काम मेच्या मध्यापर्यंत आटोपावे, आणि खालच्या बाजूचे पॉलिश पावसाळा सुरू होण्याआधी पूर्ण व्हावे. लाख दमट हवेत लावली तर पांढुरकी धरते, आणि मग ती स्पिरिटने पुसून पुन्हा लावण्यात आणखी एक रविवार जातो.